अर्जातली गृहिणी

वर्तकनगरच्या मासळीबाजारात मनुबाईची पाटी कोपऱ्यात असायची आणि पाटीमागे, पिशवीत गुंडाळलेली, एक कादंबरी. डावा हात पुस्तकाचा, उजवा मासळीचा, असा तिचा नेम. गिऱ्हाईक आलं की पुस्तक उपडं, गिऱ्हाईक गेलं की सरदार पुन्हा घोड्यावर. कौटुंबिक कादंबऱ्यांना ती हात लावत नसे. "घरातलं रडणं घरात हाय की, त्याला पुस्तक कशाला?" तिला गड लागायचे, खलिते लागायचे, भुयारातून निसटणारी राणी लागायची. कोलशेतच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आणि पुढचं सगळं शिक्षण वाचनालयातून. तीस वर्षं वाचत होती. वाचून झाल्यावर बोलायला मात्र कोणी नव्हतं. मनात शब्द साचायचे, भरतीचं पाणी खाजणात साचतं तसे, आणि तिथंच आटून जायचे.

रतन ही तिची बुधवार-रविवारची गिऱ्हाईक. माहेर साताऱ्याकडचं, नोकरी विम्याच्या ऑफिसात, नवरा मस्कतला. एकदा सरंग्याचा भाव करता करता तिची नजर पाटीमागच्या पुस्तकावर गेली आणि भाव राहिला बाजूला. त्या दिवसापासून दोघींची पुस्तकांवरून भांडणं सुरू झाली. ती दोघींनाही आवडायची.

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर रतन म्हणाली, "मनुबाई, एक मंडळ आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांचं. कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर पुस्तक वाचतात?"

"पुस्तक हातातच. बोलणं कॉम्प्युटरवर. महिन्याला एक कादंबरी ठरते, सगळे वाचतात आणि एकमेकांना लिहितात. पुण्याचे आहेत, नागपूरचे आहेत, दोघं तर अमेरिकेत."

"एकमेकांसमोर कवा येतात?"

"येतच नाहीत."

"तोंड न दाखवता भांडतात?"

"असंच म्हणा."

"मग चोर असतील." मनुबाईनं पाटीवर पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं, बोंबील सारखे करता करता, खाली मान घालून विचारलं, "माझं बोलणं ऐकतील?"

"तेच तर म्हणतेय. मी तुमची ओळख देते. तुमच्या नावानं अर्ज करू."

अर्ज हा शब्द कोलशेतच्या कोळीवाड्यात चांगला नव्हता. मनुबाईच्या दिराला, मोरूला, दोन वर्षांपूर्वी कोणी जत्रेच्या कमिटीचा फॉर्म म्हणून कागद दिला होता. त्यानं कौतुकानं सही केली. पावसाळा सरला तेव्हा त्याच्या खाजणाच्या बांधावर दुसऱ्याचे खांब उभे होते. तेव्हापासून वाड्यात कोणी पेन मागितलं तरी लोक आधी दार लोटून घ्यायचे.

नवरा दामाजी जाळं विणत बसलेला. मनुबाईनं मंडळाचं सांगितलं, तरी त्यानं मान वर केली नाही. "सही केलीस का गो?"

"सही नाय. रतनताई मशीनवर टाइप करते."

"म्हंजे सही पण नाय! मग तू कबूल नाय केलंस, याचा पुरावा काय?"

"कबूल करायला हाय काय त्यात? पुस्तकं वाचायची नि बोलायचं."

"फुकट?"

"फुकट."

"तर मग नक्कीच जमीन," दामाजी म्हणाला आणि दातांनी दोरा तोडला.

सून शीला आतून हसली. मनुबाईलाही हसू आलं. पण शेजेवर आडवी झाल्यावर तिला मोरूचे खांब दिसत राहिले.

तरीही ती रविवारी, पाटी रिकामी करून, हात लिंबानं धुऊन रतनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली. मशीन फोनच्या वायरीतून घरघरलं, किंचाळलं, मग गप्प झालं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. बोलणं मराठीच आहे, पण अक्षरं इंग्रजी, असं रतननं सांगितलं. मनुबाईला ती अक्षरं म्हणजे वाळूवरच्या खेकड्यांच्या पावलांसारखी. कुठून कुठं गेली, कळेना.

"पूर्ण नाव?"

"मनुबाई दामाजी कोळी."

"पत्ता?"

"कोलशेत, खाडीकडची आळी."

"व्यवसाय?"

"मासळी विकते. आणखी काय?"

रतनची बोटं जराशी थांबली आणि मग चालू लागली.

मंडळाची अट होती: नव्या माणसानं त्या महिन्याच्या कादंबरीवर आपलं मत लिहायचं, ते वाचून मंडळाचे चालक ठरवणार. चालक होते डोंबिवलीचे आनंद खांबेटे. कादंबरी एका सरदाराची होती, घोडबंदरच्या अलीकडे खाडी ओलांडून शत्रूच्या चौकीवर छापा घालणाऱ्या सरदाराची. मनुबाईनं ती चार दिवसांत वाचली. चौथ्या दिवशी बाजारात एका पानावर तिचा डावा हात थांबला तो थांबलाच. समोरची बाई "अगं, कोळंबी कशी दिली?" विचारत उभी होती आणि मनुबाई स्वतःशीच म्हणत होती, "मेले! सगळे मेले!"

पुढच्या रविवारी तिनं मत सांगितलं. खुर्चीवर बसून नाही. उभी राहून, हातवारे करत, बाजारातल्या आवाजात.

"लिही. कादंबरी चांगली हाय. राणीसाहेबांचं बोलणं तर डोळ्यांत पाणी आणतं. पण सरदारानं अवसेच्या मध्यरात्री तीनशे माणसं खाडीतून चालत नेली, गुडघाभर चिखलातून, ते खोटं. अवसेच्या मध्यरात्री खाडीत चिखल दिसतच नाय. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अवस म्हंजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दर्याच्या तोंडाशी सव्वाअकराला भरती, आमच्या कोलशेतला पाणी येईस्तोवर एक वाजतो. म्हंजे बाराच्या ठोक्याला पाणी चढतंय, तेही अवसेचं, उधाणाचं. तीनशेच्या तीनशे बुडतील मेले. त्यांना तिन्हीसांजेला न्यायचं होतं, ओहोटीला. आणि तरी मधल्या धारेला होडी लागतेच, ती कवाच सुकत नाय. लिहिलंस?"

"लिहिते, लिहिते."

"आणि ही ओवी लिही. माझी आई म्हणायची. लोकांना पटंल मग.

अवसेचा दर्या, भरला भर माध्यान्ही,
माझी बाळी तान्ही, होडीत नका ठेवू.

जसं दुपारी तसंच रात्री, हे त्यांना कळंल ना?"

"कळेल," रतन म्हणाली. कळफलकावर बोटं वाजत होती. ओवीच्या वेळी वाजली की नाही, हे मनुबाईनं पाहिलं नाही. ती आईला पाहत होती.

आठवड्यानं उत्तरं आली. रतननं पडदा मनुबाईकडे फिरवला नाही, आपल्याकडेच ठेवला आणि वाचून दाखवलं. "खांबेटे म्हणतात, मत अभ्यासपूर्ण आहे. बाकीच्यांनी विचारलंय, हे तुम्हाला कसं माहीत. बस्स."

मनुबाई उठून तिच्या मागं जाऊन उभी राहिली. अक्षर येत नसलं म्हणून काय, ओळी तर मोजता येतात. मासळीच्या ढिगावर नजर टाकून नग सांगणारी बाई ती.

"सव्वीस ओळी हायेत. आणि तू बोललीस दोन."

"बाकीचं आपलं... नमस्कार-चमत्कार."

"चोवीस ओळी नमस्कार?"

रतनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मनुबाईला ते दिसलं. शिळी मासळी ताजी म्हणून विकताना कोणाचं काय लाल होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"मना कागद दे," ती म्हणाली. "माझा अर्ज, माझं मत, त्यांची उत्तरं. घरी ठेवते. नवरा विचारतो."

नाही म्हणायला कारण नव्हतं. प्रिंटर करकरत चालला. कागद देताना रतननं ते धरून ठेवल्यासारखे धरले, मग सोडले. तिला ठाऊक होतं की मनुबाईला ही अक्षरं येत नाहीत. शीलाला येतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

शीला दहावी पास. ओसरीवर बसून तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं. दामाजीनं जाळं खाली ठेवलं. जमीन कुठल्या ओळीत जाते ते त्याला ऐकायचं होतं.

"नाव, मनुबाई दामाजी कोळी. पत्ता, वर्तकनगर, ठाणे."

"वर्तकनगर?"

"हां. व्यवसाय, गृहिणी."

"गृहिणी म्हंजे?" दामाजीनं विचारलं.

"घरात असते ती. बाहेर कामाला जात नाय ती."

दामाजी हसायला लागला. हसता हसता खोकला आला. "हिला? अगं, लग्नाच्या पाचव्या दिवशी पाटी उचलली हिनं! माझी आय सांगत होती, हळद तरी उतरू दे..." मग त्यानं बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

"मत वाच," मनुबाई म्हणाली.

शीलानं वाचलं. भरती होती, पाऊणपट होती, सव्वाअकरा होते. "बुडतील मेले" नव्हतं, तिथं होतं, "तपशिलाची पुनर्तपासणी व्हावी असे नम्रपणे सुचवावेसे वाटते." मनुबाईनं आयुष्यात कोणाला नम्रपणे काही सुचवलं नव्हतं.

"ओवी?"

शीलानं कागद उलटून पाहिला. पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "नाय, आई. ओवी नाय."

खाडीकडून वारा आला, ओसरीवर सुकत घातलेली सुंगटं, बारकी कोळंबी, हलली. शेवटी दामाजीच म्हणाला, "लोकांची उत्तरं वाच गो. काय बोलतात ते?"

त्या चोवीस ओळी होत्या. अमेरिकेतल्या एकानं लिहिलं होतं, की वर्तकनगरच्या गृहिणीला खाडीच्या पाण्याची वेळ मिनिटावर कशी ठाऊक? हे कोणी अभ्यासक टोपणनावानं लिहीत आहेत. पुण्याच्या बाईंना शंका, की रतनबाईच दुसऱ्या नावानं लिहितात. ज्यांची कादंबरी, ते लेखकही मंडळात होते. त्यांनी लिहिलं होतं की टीकेचं स्वागत आहे, पण टीका करणाऱ्यानं आपलं खरं तोंड दाखवावं. आणि शेवटी खांबेटे: या नावाची व्यक्ती खरोखर आहे की नाही याची खात्री झाल्याखेरीज सभासदत्व देता येणार नाही.

"मी हाय की नाय, याची खात्री," मनुबाई हळूच म्हणाली.

"बघ, बोललो होतो ना, फॉर्म भरू नको," दामाजी म्हणाला. पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. "जमीन नाय घेतली. तुलाच घेतली गो."

मंडळाचा संशय घेत होतो आपण, मनुबाईच्या मनात आलं. ते बिचारे आपला संशय घेत होते. आणि दोघांच्या मधे बसून जी बाई इकडचं तिकडं करत होती, तिच्यावर मात्र कोणी डोळा ठेवला नाही.

बुधवारी रतन बाजारात आली. "मनुबाई, आज काय चांगलंय?"

"तुला नाय."

"म्हणजे?"

"तुला मासळी नाय आज. तू गृहिणीकडून घे. वर्तकनगरात असंल एखादी."

शेजारची गंगुबाई कान टवकारून पुढं सरकली. "काय गो, काय झालं? पैसं बुडवलं काय?"

"पैसं नाय. माझी आय बुडवली."

पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत रतन म्हणाली, "मी तुमच्या भल्यासाठी केलं. ते लोक... तुम्हाला माहीत नाहीत. मासळी विकते म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं वाचलंच नसतं. तुमचं म्हणणं एवढं महत्त्वाचं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून मी..."

"नसतं वाचलं तर त्यांचं गेलं असतं. माझं काय जात होतं?"

"आणि ओवी म्हणजे, त्यांना पुरावा वाटला नसता. हसले असते."

"हसू दे. पाणी काय त्यांना विचारून चढतं?" मनुबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यानंच रतन जास्त घाबरली. "तीन वर्षं माझ्याशी पुस्तकांवरून भांडतेस. मना वाटलं, माझ्याशी भांडतेस. तू काय मनातल्या मनात मला दुसरं लुगडं नेसवत होतीस?"

रतननं मान खाली घातली. पापण्यांवरून एक थेंब घरंगळला. मनुबाईला त्याचाही विश्वास वाटला नाही. बाजारात बायका भावासाठी सुद्धा रडतात.

"रडू नको. तुझ्या घरी चल. मंडळाचा कोरा फॉर्म काढ. या वेळी मी लिहिणार, माझ्या हातानं, आपल्या अक्षरात. टपालानं धाडायचा. डोंबिवली काय अमेरिका नाय."

रतननं एकेक रकाना वाचून दाखवला आणि तिच्या डायनिंग टेबलावर मनुबाईनं तो फॉर्म भरला. वळणदार, शाळेतलं अक्षर. वाकायचं तिथं वाकणारं, थांबायचं तिथं थांबणारं. पत्ता: कोलशेत. व्यवसाय: मासळी विकणे, वर्तकनगर बाजार, सकाळी आठ ते एक. मागच्या बाजूला मत, सगळं, बुडतील मेले सकट. खाली ओवी. आणि ओवीखाली एक ओळ: "खोटं वाटत असंल तर अवसेला दुपारी खाडीवर जाऊन उभं रहा. रात्री जायला नको, पडाल."

फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता: ओळख देणाऱ्याचे नाव, सही, आणि वरील माहिती खरी असल्याची हमी. मनुबाईनं पेन रतनपुढं ठेवलं.

रतन त्या रकान्याकडे बघत राहिली. "ही सही केली म्हणजे आधीचा अर्ज मीच खोटा भरला, हे त्यांना कळेल."

"कळंल."

"मला काढून टाकतील, मनुबाई. ते मंडळ... नवरा तिकडे, ऑफिसात कोणाला वाचनाचं काही नाही. संध्याकाळी घरी आलं की तेवढंच माझं बोलणं असतं."

मनुबाईला हे नवं होतं. तीस वर्षं आपलं बोलणं साचून आटत होतं, तसंच हिचंही असेल, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला वाटलं, राहू दे, रकाना कोरा धाडू. तोंडाशी आलंही. मग शीलाचं बोट आठवलं, ओवीसाठी पानभर फिरलेलं.

"मी पेन पुढं केलंय," ती म्हणाली. "धरायचं की नाय, ते तू बघ."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. रतननं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. आणि मराठीत सही केली. मनुबाईनं ती सही नीट पाहिली, नाव पूर्ण आहे का ते अक्षर अक्षर वाचलं, मग पाकिटाला डिंक लावला. पाकीटही तिनंच पेटीत टाकलं.

पंधरा दिवस काही आलं नाही. दामाजी म्हणाला, "आता काय येत नाय." मग अवस झाली, आणि अवसेनंतर चौथ्या दिवशी पोस्टमन आला. जाड पाकीट, हातानं लिहिलेलं. दामाजीनं ते उजेडाला धरून पाहिलं, आत शिक्का-स्टॅम्प आहे का म्हणून, मगच दिलं.

खांबेट्यांनी लिहिलं होतं:

"सौ. मनुबाई कोळी यांस. आपले पत्र वाचून मला खरे सांगायचे तर राग आला, आणि हे पत्र तरी खरे कशावरून, असेही वाटले. म्हणून अमावास्येला दुपारी बारा वाजता मी डोंबिवलीत मोठागावच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. बारा वाजता पाणी चढत होते. एक वाजता चढत होते. दोन वाजता माझी चप्पल वाहून गेली. आपले तीनशे जण बुडतात, हे मला मान्य आहे. लेखकांनाही कळवले आहे. ते अजून मान्य करत नाहीत. आपले सभासदत्व मंजूर. आपली ओवी मी मंडळात सर्वांना पाठवली आहे. सौ. रतन यांनी खोटी माहिती भरल्याबद्दल त्यांचे सभासदत्व सहा महिने स्थगित. नियम सर्वांना सारखा. यापुढील पत्रव्यवहार ई-मेलनेच होईल."

शीलानं शेवटची ओळ दोनदा वाचली. "ई-मेलनंच, आई. म्हंजे रतनताईंकडेच यायचं सगळं."

"हां," मनुबाई म्हणाली.

"ज्यांना काढलं, त्यांच्याच मशीनवर?"

"दुसऱ्या कुणाचं मशीन हाय आपल्याकडं?"

रविवारी ती हात धुऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. दार उघडून रतन बाजूला झाली. मशीन घरघरलं, किंचाळलं, गप्प झालं. पडद्यावर पत्रं आली होती, एकोणीस, सगळी मनुबाईच्या नावानं. रतनच्या नावानं एकही नव्हतं. तिनं खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

"वाचू?"

मनुबाई पडद्याकडे बघत होती. खेकड्यांची पावलं इकडून तिकडं गेलेली. त्यात कुठंतरी तिची आई होती म्हणे.

"नको वाचूस. आधी मला ही अक्षरं शिकव."

रतननं मान वळवली. "माझ्यावर विश्वास नाही म्हणून?"

"हां," मनुबाई म्हणाली. तिनं दुसरी खुर्ची रतनच्या खुर्चीला भिडवून ठेवली आणि पदर खोचून बसली. "विश्वास नाय म्हणूनच. किती दिवस लागतील?"

"सव्वीस अक्षरं आहेत. महिना लागेल. आणि शिकून झाल्यावर?"

"तवाचं तवा बघू. म कुठं हाय, दाखव."